डाव्या फांदीवरचा बिबट्या

पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील अभयारण्यांत, उघड्या किंवा वर उचलता येणाऱ्या छताच्या मोटारीतून, प्रशिक्षित वाटाड्याच्या सोबतीने वन्य प्राणी पाहण्यासाठी जी फेरी काढली जाते तिला ‘गेम ड्राइव्ह’ असे म्हणतात. आणि या फेरीचा हेतू प्राणी पाहणे हा असतो, असे प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत एकमुखाने छापलेले आढळते. प्रत्यक्ष निरीक्षणावरून मात्र हा हेतू दुय्यम ठरतो. प्राणी दिसला असे चारचौघांत म्हणता येणे हा फेरीचा मुख्य हेतू असून, प्राणी खरोखरच दिसला तर ते म्हणणे थोडे सोपे जाते, एवढाच काय तो प्राण्याचा त्यात वाटा असतो.

या प्रतिपादनाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आपला मुलगा कर्मिट याच्यासह मोंबासा बंदरात उतरले आणि परत जाईपर्यंत या पितापुत्रांनी मिळून ५१२ प्राणी मारले. हा आकडा आज इतका नेमका सांगता येतो, कारण रूझवेल्ट यांनी तो प्राणीवार तक्ता करून स्वतःच छापून ठेवला. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप बफेलो म्हणजे आफ्रिकी रानम्हैस या पाच प्राण्यांना ‘बिग फाइव्ह’ हे नावही शिकाऱ्यांनीच दिले, आणि ते प्राण्यांच्या आकारावरून दिलेले नसून, पायी पाठलाग करणाऱ्या शिकाऱ्याचीच उलट शिकार करण्याची जी तयारी हे प्राणी दाखवत असत तिच्यावरून दिलेले आहे. त्यामुळे आकाराने अवाढव्य असलेला पाणघोडा आणि उंचीने सर्वांना मागे टाकणारा जिराफ हे दोघेही यादीबाहेर राहिले. केनियाने १९७७ साली हौशी शिकारीवर बंदी घातली, तेव्हा बंदूक गेली आणि यादी मागे उरली. दक्षिण आफ्रिकेने १९९०च्या दशकात हे पाचही प्राणी आपल्या चलनी नोटांवर छापले, त्यामुळे अरण्यात काहीही न दिसलेल्या पाहुण्याला निदान सुटे पैसे परत घेताना यादी पूर्ण केल्याचे समाधान मिळू शकते. मात्र बिबट्या २०० रँडच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या नोटेवर असल्याने तो तेथेही सहसा दृष्टीस पडत नाही.

प्रस्तुत विवेचन केनियातील मसाई मारा या राखीव क्षेत्रापुरते मर्यादित ठेवले आहे. देशाच्या नैऋत्य सीमेवर, टांझानियातील सेरेंगेटीला लागून असलेले हे सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे गवताळ क्षेत्र जुलै ते ऑक्टोबर या काळात जगभरच्या पाहुण्यांनी गजबजलेले असते, आणि मुंबई-पुण्याहून निघालेले मराठी सहलगटही त्यात मोठ्या उत्साहाने सामील झालेले दिसतात. मराठी पाहुण्याची पहिली गफलत हवामानाविषयी होते. आफ्रिका म्हणजे उष्णता, हे समीकरण शाळेतल्या भूगोलापासून डोक्यात इतके पक्के बसलेले असते की, मारा विषुववृत्ताजवळ असले तरी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि तेथील पहाट हुडहुडी भरवणारी असते, ही गोष्ट पहिल्या पहाटेपर्यंत कोणाच्या गावीही नसते. मग अंगावर खास सफारीसाठी घेतलेला अनेक खिशांचा खाकी पोशाख, त्यावर काकूंची शाल, डोक्याला लोणावळ्याच्या सहलीतून उरलेली कानटोपी, आणि सर्वांवर लॉजने दिलेले ‘शुका’ म्हणजे मसाई लोक पांघरतात ते लाल चौकटींचे वस्त्र, अशा थरांमधून केवळ चष्मा बाहेर ठेवून प्रत्येक सदस्य गाडीत चढतो.

खाकी रंगाविषयी येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. प्राण्यांना आपण दिसू नये म्हणून तो घालावयाचा असतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे; परंतु हा पोशाख घातलेली माणसे खडखडणाऱ्या भल्याथोरल्या मोटारीत, मोठ्याने बोलत आणि चिवड्याची पिशवी उघडत बसलेली असल्याने, रंगामुळे लपण्याचा प्रश्न व्यवहारात फारसा उद्भवत नाही. या रंगाचा खरा उपयोग वेगळाच आहे. त्सेत्से नावाची चावरी माशी गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते, इतकी की तिला पकडण्याचे सापळेही याच दोन रंगांच्या कापडाचे शिवतात. प्रत्येक गटात एका गृहस्थाने नेमके गर्द निळे जाकीट आणलेले असते, आणि त्यामुळे गाडीतील उरलेल्या सदस्यांना माश्यांचा उपद्रव जवळजवळ होत नाही.

गाडीतील बैठकव्यवस्था हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. मारात लँड क्रूझर जातीच्या गाड्या किंवा छत वर उचलता येईल अशा व्हॅन वापरल्या जातात, आणि त्यांत प्रत्येकाला खिडकी मिळेल अशी हमी दिलेली असते. हमी पाळलीही जाते. परंतु प्रत्येक खिडकीतून सारखेच प्राणी दिसतील अशी हमी कोणी दिलेली नसल्याने, पहिला सिंह डावीकडे निघाला की उजव्या खिडकीवाल्यांना तो पक्षपात वाटतो, आणि दुसऱ्या दिवसापासून जागांची पाळीपाळीने अदलाबदल सुरू होते. अदलाबदल झाल्यावर सिंह उजवीकडे निघतात. वाटाड्याशेजारच्या पुढच्या जागेवर मान अवघडल्याचे कारण सांगून जो सदस्य पहिल्या सकाळी बसतो, त्याची मान सहल संपेपर्यंत बरी होत नाही. या सर्व हालचालींच्या मुळाशी अर्थशास्त्र आहे. परदेशी प्रौढ पाहुण्याला जुलै ते डिसेंबर या काळात मारात प्रवेशासाठी दिवसाला २०० डॉलर मोजावे लागतात, असा दर २०२४ पासून लागू झाला. आणि निवृत्त बँक अधिकारी असलेला एखादा सदस्य त्याला तासांनी, मग मिनिटांनी आणि शेवटी प्राण्यांच्या संख्येने भागून, इम्पाला जातीचे एक हरीण किती रुपयांना पडले हे गाडी सुरू झाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच जाहीर करतो.

गाडी चालवणारा गृहस्थ हाच वाटाड्याही असतो. केनियात वाटाड्यांच्या व्यावसायिक संघटनेतर्फे कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा चढत्या श्रेणीच्या परीक्षा घेतल्या जातात, आणि त्यांत पक्ष्यांपासून गवतांपर्यंत आणि नकाशापासून कायद्यापर्यंत सर्व विषय असतात. इतके शिकून आलेल्या माणसाला पाहुणे दोनच प्रश्न विचारतात. पहिला, “सिंह कधी दिसणार?” आणि दुसरा, सिंह दिसल्यावर, “बिबट्या कधी दिसणार?” मधल्या वेळात तो निळ्या-जांभळ्या छातीचा नीलपंख दाखवतो, सापांवर पायांनी प्रहार करणारा सेक्रेटरी पक्षी दाखवतो, वारुळाच्या माथ्यावर चढून टेहळणी करणारे टोपी जातीचे काळवीटवर्गीय हरीण दाखवतो, आणि गाडीतून “छान, छान, पण पुढे चला” असे उत्तर येते. खाचखळग्यांच्या वाटेवर तो ‘हा आफ्रिकी मसाज, पूर्णपणे मोफत’ असा विनोद करतो. हा विनोद वाटाड्यांच्या व्यवसायाइतकाच जुना असावा. तरीही प्रत्येक गटात तो प्रथमच ऐकणारे कोणीतरी असते आणि ते दिवसभर दर खड्ड्याला तो पुन्हा करून दाखवते.

वाटाडे आपसांत वायरलेसवर स्वाहिली भाषेत बोलतात आणि कोणता प्राणी कोठे आहे हे परस्परांना कळवतात. पूर्वी यात गुप्तता राहत असे. परंतु पाहुणे पहिल्याच संध्याकाळी ‘सिंबा’ म्हणजे सिंह, ‘चुई’ म्हणजे बिबट्या आणि ‘दुमा’ म्हणजे चित्ता एवढे तीन शब्द पाठ करून येतात, आणि त्यानंतर वायरलेसच्या खरखरीत ‘चुई’सारखे काहीही ऐकू आले की मागच्या रांगेतून “चुई! चुई म्हणाला तो!” असा घोष सुरू होतो. म्हणून वाटाड्यांनी मिशीवाला, ठिपकेवाला अशी टोपणनावे काढली आहेत. त्यामुळे आता पाहुणे प्रत्येक शब्दाला बिबट्या समजतात. वायरलेसवर एक वाटाडा दुसऱ्याकडे पंक्चरचे सामान मागत असताना संपूर्ण गाडीने कॅमेरे सरसावल्याची उदाहरणे अगदीच दुर्मीळ नाहीत.

प्राण्यांविषयीचा उत्साह ठरावीक क्रमाने उतरत जातो. पहिल्या तासात दिसलेल्या पहिल्या झेब्र्यासाठी गाडी थांबवावी लागते, त्याचे पुढून, मागून आणि गटासह असे फोटो काढले जातात, आणि तो पांढरा असून त्यावर काळे पट्टे आहेत की काळा असून पांढरे, यावर गाडीत दोन तट पडतात. पट्ट्यांमुळे चावऱ्या माश्यांना अंगावर नीट उतरता येत नाही, असे अलीकडचे संशोधन वाटाडा सांगू लागतो, तेव्हा निळ्या जाकिटाचे गृहस्थ प्रथमच लक्ष देऊन ऐकतात. दुसऱ्या तासाला झेब्र्यासाठी गाडी हळू करणे पुरते. दुसऱ्या दिवशी झेब्र्यांचा कळप वाट अडवून उभा राहिला तर “यांना जरा बाजूला घ्या हो” अशी सूचना होते. रानडुकराचा चुलतभाऊ असलेला वॉर्टहॉग शेपटी ताठ उभी करून धावू लागला की १९९४ सालच्या ‘द लायन किंग’ या चित्रपटामुळे त्याला सगळे ‘पुंबा’ म्हणून हाक मारतात. तो कधीच वळून पाहत नाही. तरसाकडे पाहून नाक मुरडणे हाही सर्वमान्य शिष्टाचार आहे. ठिपकेवाली तरसे आपले बरेचसे अन्न स्वतः शिकार करून मिळवतात आणि त्यांनी मारलेले भक्ष्य सिंह कित्येकदा हिसकावून खातात, हे हान्स क्रूक यांनी न्गोरोंगोरो आणि सेरेंगेटीत रात्र रात्र जागून दाखवून दिले, त्यावरचे त्यांचे पुस्तक १९७२ साली आले, तरीही सिंह राजा आणि तरस उष्टेखाऊ ही वर्गवारी गाडीत अबाधित राहते. फुकट खाणाऱ्यांत जो दिसायला रुबाबदार असतो त्याला कोणी फुकट्या म्हणत नाही, एवढेच यावरून म्हणता येईल.

सिंह दिसतो तो बहुधा झोपलेला. सिंह दिवसाचे अठरा-वीस तास विश्रांती घेतो आणि शिकार मुख्यतः रात्री करतो, तर पाहुण्यांना मात्र अंधार पडताच लॉजवर परतावे लागते. म्हणजे कामाच्या वेळी गिऱ्हाईक नाही आणि गिऱ्हाइकाच्या वेळी काम नाही, अशी ही व्यवस्था आहे. तरीही गवतात दिसणारा एक कान आणि मधूनच हवेत उडणारा एक पंजा यांच्याभोवती गाड्या जमू लागतात. नियमानुसार एका प्राण्याजवळ एका वेळी पाचांहून अधिक गाड्या थांबू नयेत आणि बाकीच्या वाट पाहत असतील तर पहिल्यांनी दहा मिनिटांत जागा सोडावी, असे ठरलेले आहे. पंगतीत जेवणाऱ्याच्या पाठीशी उभे राहून त्याच्या पानातील भात किती उरला यावर नजर ठेवणारी मंडळी जशी असतात, तशा सहाव्या गाडीपासून पुढच्या सर्व गाड्या उभ्या असतात, आणि पुढची पाच पाने मात्र ताक मागवल्याखेरीज उठायला तयार नसतात. “दहा मिनिटं झाली का?” असे वाटाड्याने विचारले तर गाडीतील सर्व घड्याळे एकमताने सात मिनिटे दाखवतात. “अजून त्याने तोंड कुठे दाखवलंय?” हा युक्तिवादही प्रभावी ठरतो. शेवटी सिंह उठतो, एक प्रदीर्घ जांभई देतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. जांभईचे फोटो घरी पोहोचतात तेव्हा त्यांच्याखाली ‘डरकाळी’ असे लिहिलेले असते.

चित्त्याची स्थिती याहून अवघड आहे, कारण तो बिचारा दिवसाउजेडी शिकार करतो. जमिनीवर सर्वांत वेगाने धावणारा हा प्राणी काही शे मीटर धावूनच दमतो, त्यामुळे पाठलाग सुरू करण्यापूर्वी त्याला भक्ष्याच्या जवळ लपतछपत जावे लागते, आणि मागे गाड्यांची मिरवणूक असताना लपतछपत जाणे कोणालाही कठीण आहे. ज्या भागात पर्यटकांची वर्दळ जास्त, तेथे चित्त्याच्या माद्यांची फार थोडी पिल्ले जगून मोठी होतात, असे मारातच झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ही माहिती वाटाड्याने दिली की गाडीत क्षणभर खरोखर हळहळ व्यक्त होते. “किती वाईट ना! या इतर गाड्यांना काही कळतच नाही,” असे सर्वांचे मत पडते, आणि मग त्या इतर गाड्यांमुळे चित्ता नीट दिसत नसल्याने आपली गाडी थोडी पुढे घ्यावी, अशी विनंती केली जाते.

या सर्व प्रकरणाचा कळस म्हणजे बिबट्या. बिबट्या दिवसा झाडाच्या आडव्या फांदीवर पाय लोंबकळत ठेवून पडून राहतो, त्याच्या अंगावरचे ठिपके आणि पानांतून झिरपणारे ऊन यांत फरक करणे अनुभवी डोळ्यांनाही जड जाते, आणि निसर्गाने त्यावर एक खोडीही करून ठेवली आहे. नदीकाठी किगेलिया नावाची झाडे असतात, जी पुण्यामुंबईच्या जुन्या बागांतही कोठे कोठे आढळतात, आणि त्यांची हातभर लांबीची फळे दोरीसारख्या देठांनी फांद्यांवरून खाली लोंबत असतात. म्हणजे झाडावर लोंबणाऱ्या वीसपंचवीस वस्तूंपैकी एक बिबट्याची शेपटी असण्याची शक्यता असते, आणि एकही नसण्याची शक्यता त्याहून मोठी असते.

वाटाडा इंजिन बंद करतो आणि दबक्या आवाजात सांगतो, “दहा वाजता, मोठ्या झाडावर.” ही दिशा सांगण्याची पद्धत असून, तीत गाडीचे नाक म्हणजे बारा, उजवी बाजू म्हणजे तीन आणि डावी बाजू म्हणजे नऊ असे मानले जाते. गाडीतील ज्येष्ठ सदस्य मात्र मनगटाकडे पाहतात, आणि त्यांचे घड्याळ अजून भारतीय वेळेवर, म्हणजे अडीच तास पुढे असल्याने “दहा तर केव्हाच वाजून गेले” असे उत्तर देतात. त्यात स्वाहिली कालगणनेत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात आणि आपले सात म्हणजे त्यांचा एक, ही माहिती आदल्या रात्री ज्यांनी वाचलेली असते ते या संकटसमयी ती सर्वांना समजावून सांगू लागतात. शिवाय छतातून डोके बाहेर काढून उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांची तोंडे मागे असल्याने त्यांचे दहा वेगळ्याच झाडावर वाजतात.

“मोठं झाड दिसतंय का?”

“कुठलं मोठं?”

“ते, वाळलेल्या झाडाच्या मागचं.”

“मागचं म्हणजे आपल्या बाजूचं का पलीकडचं?”

“त्याच्या डाव्या फांदीवर बघा.”

“आपली डावी का झाडाची डावी?”

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणत्याही गाडीत मिळालेले नाही. अशा वेळी पुढच्या जागेवरचे, मान अवघडलेले गृहस्थ “दिसला!” असे म्हणतात, आणि येथून पुढे घटना फार वेगाने घडतात. एकाला दिसला म्हटल्यावर दुसऱ्याला न दिसणे हे दृष्टिदोषाचे, वयाचे किंवा पैसे वाया गेल्याचे लक्षण ठरते, आणि तिन्ही गोष्टी मान्य करण्यास कोणी राजी नसते. म्हणून दुसरा म्हणतो, “हो हो, दिसला!” तिसरा थोडी भर घालतो, “केवढा मोठा आहे!” चौथा दुर्बीण मागतो आणि ती डोळ्यांना लावता लावताच, काच अजून झाकलेली असताना, “अप्रतिम!” असे म्हणून परत देतो. मागे उरतात ते काका. ते प्रामाणिकपणे झाडाचे खोड, फांद्या, पाने आणि आकाश यांचे क्रमाने निरीक्षण करत असतात.

“अहो, दिसला का?” काकू विचारतात.

“बघतोय.”

“सगळ्यांना दिसला. तुम्हालाच कसा दिसत नाही? पुण्याला गेल्यावर तो मोतिबिंदू आधी दाखवून घ्या.”

“दिसला ना, मघाशीच दिसला,” काका म्हणतात, आणि किगेलियाच्या एका पुष्ट फळाकडे आदराने पाहत राहतात.

एकमत झाल्यानंतर पुराव्याचे काम सुरू होते. मोबाइलमधील चित्र ताणता येईल तितके ताणून फोटो काढले जातात, आणि त्यांत तपकिरी, हिरव्या व पिवळ्या रंगांचे चौकोन येतात. यांतील पिवळा चौकोन बिबट्या आहे असे एका फोटोत आणि तपकिरी चौकोन बिबट्या आहे असे दुसऱ्या फोटोत ठरवले जाते. या सर्व काळात वाटाडा गप्प असतो. त्याला एक शेपटी खरोखर दिसलेली असते, ती उजव्या फांदीवर असते, आणि तो तसे दोनदा सांगूनही चुकतो. परंतु गाडीतील डाव्या फांदीविषयीचा आनंद इतका संपूर्ण असतो की त्यात व्यत्यय आणणे त्याच्या सौजन्यात बसत नाही. थोड्या वेळाने ती शेपटी हलते आणि वर ओढली जाते. ते एकट्या काकांना दिसते. परंतु आपल्याला बिबट्या आधीच दिसला आहे असे त्यांनी जाहीर केलेले असल्याने, आता पुन्हा दिसला असे म्हणण्याची सोय त्यांना उरलेली नसते.

बिबट्याच्या तुलनेत नूंचे नदी ओलांडणे हा न दिसण्याचा प्रश्नच नसलेला देखावा आहे, कारण नू म्हणजे विल्डबीस्ट हे दाढीवाले, उंच खांद्यांचे चतुष्पाद संख्येने सुमारे तेरा लाख असून ते गवताच्या शोधात दरवर्षी सेरेंगेटीतून मारात येतात. परंतु येथे अडचण वेळेची असते. हजारो नू मारा नदीच्या काठावर येऊन थांबतात आणि पहिले पाऊल कोणी टाकायचे यावर त्यांच्यात तासन् तास निर्णय होत नाही. पुढचा मागे पाहतो, मागचा पुढच्याला ढकलतो, सगळे मिळून काठापर्यंत येतात, आणि मग एकाएकी काही कारण नसताना सर्वजण वळून पुन्हा चरायला जातात. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांना नियमित हजर राहणाऱ्यांना या दृश्यात नवे काही वाटत नाही. नूंच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की, मारा नदीत दरवर्षी सरासरी सुमारे ६,२५० नू बुडून मरतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवले आहे, आणि खाली सुसरींच्या आफ्रिकी भाऊबंद मगरी तोंड उघडून असतात. तेव्हा पहिला क्रमांक सौजन्यपूर्वक दुसऱ्याला देण्यामागे नूंचा विचार पक्का असतो.

गाड्यांतील पाहुण्यांची अवस्था याच वेळी नाजूक होत जाते. पहाटे घेतलेला चहा, थंडी आणि आफ्रिकी मसाज यांचा एकत्रित परिणाम साधारण दोन तासांनी जाणवू लागतो, आणि गाडीतून खाली उतरण्यास मनाई असते. यावर उपाय म्हणून वाटाडा थोडी सुरक्षित, उघडी जागा पाहून ‘टायर तपासण्यासाठी’ थांबतो. शेजारच्या टांझानियात याच विधीला औषधी मुळी खणायला जाणे अशा अर्थाने ‘कुचिंबा दावा’ म्हणतात. गाडीच्या मागे पुरुष आणि त्यानंतर स्त्रिया अशा पाळ्या लागतात, आणि टायर तपासून सर्वजण परत येतात तोच वायरलेसवर कळते की नदीवर नूंनी उड्या घेतल्या. गाडी धुरळा उडवत परत पोहोचते तेव्हा शेवटचे चारदोन ओले नू पलीकडचा काठ चढत असतात. “दिसलं, दिसलं!” असे येथेही एकमुखाने ठरते. ते अगदी खोटे नसते.

न्याहारी लॉजने बांधून दिलेल्या डब्यातून होते. डब्यात उकडलेले अंडे, केळे आणि रसाचे छोटे खोके असते. त्यांपैकी अंडे न खाणारे आपले अंडे कोणाला द्यावे याची चर्चा करेपर्यंत पिशव्यांतून थेपले, भडंग आणि चकल्या बाहेर येतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियाने २०१७ साली बंदी घातली आणि २०२०च्या जूनपासून राखीव क्षेत्रांत एकदाच वापरून फेकण्याचे प्लास्टिकही निषिद्ध केले, हे माहीत असल्याने फराळ कापडी पिशव्यांत बांधून आणलेला असतो. कापडी पिशवीची गाठ सोडायला काकूंना जो वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात व्हर्वेट जातीचे माकड झाडावरून उतरून पिशवी उचलून नेते आणि फांदीवर बसून, गाठ न सोडता, खालून फाडून चकली काढते. माकडाचे असंख्य स्पष्ट फोटो मिळतात. यादीत माकड नसल्याने ते कोणालाही पाठवले जात नाहीत.

रात्रीच्या जेवणाला सहलगटाच्या दोन्ही गाड्यांतील सदस्य एकत्र येतात, आणि मग पाहिलेल्या प्राण्यांची संख्या वाढू लागते. एका गाडीने सांगितलेला सिंह दुसऱ्या गाडीच्या सिंहिणीने मागे टाकला जातो, तिची पिल्ले सूप येईपर्यंत दोन असतात आणि गोड पदार्थ येईपर्यंत पाच होतात. “आमच्या बिबट्याने तर आमच्याकडे वळून पाहिलं,” असे पुढच्या जागेवरचे गृहस्थ सांगतात, आणि काका मान डोलावतात.

सहलीच्या शेवटच्या संध्याकाळी वाटाड्याला बक्षिशी द्यावयाची असते. दर दिवशी दर माणशी किती डॉलर द्यावेत, याचा अंदाज टूर मॅनेजरने पहिल्याच दिवशी दिलेला असतो. परंतु आता पाकीट फिरू लागताच एक नवीच काटेकोर विवेचक बुद्धी जागी होते. सिंह दिसला, पण झोपलेला. हत्ती दिसले, पण ते लांबून. गेंडा म्हणजे केवळ एक राखाडी ठिपका होता, आणि तो खडकही असू शकेल, असे निवृत्त बँक अधिकारी प्रथमच मोकळेपणाने मान्य करतात.

“आणि बिबट्या?” टूर मॅनेजर विचारतो.

गाडीतील सर्वजण एकमेकांकडे पाहतात. “खरं सांगायचं तर,” पुढच्या जागेवरचे गृहस्थ मान चोळत म्हणतात, “नुसती शेपटीच होती.” “तीसुद्धा नीट नाही,” दुसरे म्हणतात. “मला तर ते फळच वाटलं होतं,” तिसऱ्या बाई म्हणतात. त्यावर काका प्रथमच आवाज चढवून शेपटी हलल्याचे आणि ती उजव्या फांदीवर असल्याचे सांगतात. पण डाव्या फांदीवरचा बिबट्या रद्द होत असताना उजव्या फांदीवरचा नवीन बिबट्या खर्चात धरण्यास कोणी तयार नसते. शेवटी शेपटीचा निम्मा दर धरून हिशेब पुरा होतो, काका कोणाला न सांगता आपल्यातर्फे आणखी एक नोट पाकिटात सरकवतात, आणि त्याच रात्री लॉजच्या स्वागतकक्षात, जेथे तेवढे इंटरनेट चालते, सर्वजण रांगेत बसून घरी संदेश पाठवतात. त्या संदेशांत बिबट्या पूर्ण असतो, आणि दोघांच्या संदेशांत तर त्याच्या तोंडात हरीणही असते.